होडीच्या इंजिनाचं थकलेलं लोहचुंबक

मित्रांनो, धरणाच्या काठावर, बाभळीच्या सावलीत, पोत्याखाली झाकलेलं एक जुनं इंजिन तुम्हाला दिसतंय ना, तो मी. होडीच्या पाठीला लटकायचं, पंखा पाण्यात बुडवायचा आणि होडी पुढे ढकलायची, हेच माझं काम. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आता नीट आठवत नाही. वितळलेल्या धातूची ऊब आणि अंगावरून फिरलेला ओला रंग, एवढंच लक्षात आहे. कितीतरी हात बदलले, आणि शेवटी समुद्रापासून इतक्या लांब, आपल्या अमरावती जिल्ह्यात येऊन पोचलो.

इथे मला नत्थुजी आणि माणिकबाई भेटले. त्यांचं घर धरणाच्या या काठाला, आणि काळ्या मातीचं वावर त्या काठाला. रस्त्याने जायचं तर सगळ्या धरणाला वळसा. म्हणून सकाळीच मी त्यांना पलीकडे न्यायचो आणि ऊन चढायच्या आत वांग्यांच्या, मेथीच्या, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या पाट्या अलीकडे आणायचो. माणिकबाई माझ्या आवाजावर गुणगुणायच्या,

धरनाच्या पान्यावर, कोनाची हे घुरघुर,
माह्या वांग्याच्या पाट्या, नेल्या बाजाराले दूर.

आपल्यावर कुणी गाणं रचावं, याहून मोठं कौतुक ते काय!

मित्रांनो, माझ्या डोक्यावर एक जड चाक आहे. त्याच्या आतल्या कडेला लोहचुंबकं बसवलेली आहेत. दोरी ओढली की चाक गरकन फिरतं, चुंबकं तांब्याच्या गुंडाळीजवळून धावतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. ती ठिणगी म्हणजेच मी. बाकी सगळं लोखंड.

नत्थुजींना हे ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी एक रीत पाडली होती. नवरात्रात घट बसले की ते नट सोडवायचे, हातोडीने ठोकून चाक उतरवायचे, पुसून लख्ख करायचे आणि घटाशेजारी पाटावर मांडायचे. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याला ते चाक पुन्हा माझ्या डोक्यावर चढायचं. तेवढे दिवस होडी वल्ह्यांवर चालायची.

आणि दर दसऱ्यानंतर मी थोडा आणखी थकलेला असायचो. का, ते मला कळत नव्हतं. आधी एका हिसक्यात जागा व्हायचो, मग दोरी पुन्हा पुन्हा ओढावी लागू लागली. एका हिवाळ्यात मी उठलोच नाही.

नत्थुजींना दमा. वल्ही माणिकबाईंनी हातात घेतली. काही आठवडे त्यांनी रेटलं, मग त्यांचा उजवा खांदाच धरला. हात डोक्यावर जाईना, वेणीही घालता येईना.

"वावर मक्त्यानं देऊन टाकू," एक दिवस काठावर बसून नत्थुजी म्हणाले. "आता जमत नाई आपल्याच्यानं."

"वावर देता, मंग मले बी देऊन टाका कोनाले," माणिकबाई फणकारल्या. "घरी बसून मी काय भिंती सारवत राहू? आधी या इंजिनाले अकोल्याले दाखवा. तिथं कोनी ललित म्हनून हाय, जुनी मॅग्नेटं चार्ज करून देते म्हन्तेत. नाईच जमलं, तर मंग द्या वावर."

मी पोत्यात बसून एस.टी.ने निघालो. कंडक्टरने पोत्याला पाय लावून विचारलं, "काय हाय काकू यात? बोकड त नाई ना?"

"बोकड असता त बोंबलला नसता का? इंजिन हाय बाप्पा. हे बी बोंबलत नाई, म्हनूनच त नेऊन रायलो."

ललितने मला टेबलावर घेतलं. हातोडीला हातही लावला नाही. तीन पायांचं एक अवजार चाकावर बसवून त्याने ते हळूच ओढून काढलं. मग चुंबकाला एक पाना लावून सोडला. पाना टण्णकन खाली पडला.

"काका, हे चाक कोनी सारखं उघडते काय?"

नत्थुजींनी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. पाट, घट, हळद, झेंडू. ललितचे हात थांबले.

"काका, ठोकल्यानं चुंबक ढिलं पडते. आन् हे जुनं चुंबक असं उघडं नाई ठेवत. त्याले समोर लोखंड लागते. एकटं ठेवलं की जोर जाते त्याचा."

नत्थुजींचा चेहरा पडला. "म्हंजे देवाजोळ ठेवलं म्हनून बिघडलं?"

"देवानं नाई बिघडवलं, काका."

"मंग म्याच बिघडवलं म्हन ना."

माणिकबाई मध्येच म्हणाल्या, "अवो, मले त तुमी कधी पाटावर बसवलं नाई. बरंच झालं म्हना! म्हनून त माहा जोर हाय अजून."

नत्थुजींना हसू आलं, आणि हसता हसता खोकला.

ललितने खडूने चुंबकांच्या दिशा लिहिल्या, चाक दोन जाड गुंडाळ्यांमध्ये धरलं आणि बटण दाबलं. खरं सांगू मित्रांनो? त्या क्षणी मला जागं व्हायचं नव्हतं. थकलेल्याला झोप गोड लागते. पण सगळं अंग एका दिशेला ओढलं गेलं. मग त्याने पुन्हा पाना लावला, तो चिकटला तो निघेचना. लगेच चुंबकांवर लोखंडी पट्टी ठेवून, सरकवत सरकवत, त्याने चाक जागेवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा होडीच्या पाठीला होतो. नत्थुजींनी दोरी ओढली. मी घुसमटलो. माणिकबाई दुखरा खांदा धरून पाण्याकडे बघत राहिल्या. नत्थुजींनी श्वास गोळा करून पुन्हा ओढली. आत ठिणगी पडली, धूर निघाला आणि मी घुरघुरलो.

पाणी मधोमध कापत असताना माणिकबाई म्हणाल्या, "औंदा वांगे पुरे झाले. बांधाकडून मिरची लावू."

"लाव," नत्थुजी म्हणाले. मक्त्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मित्रांनो, मी अजून थकलेलाच आहे. चुंबकं भरली, म्हणून सांधे काही नवे झाले नाहीत. चढत्या उन्हात धाप लागते, मध्येच आवाज फुटतो. एक दिवस मी खरंच थांबेन, तेव्हा मला पोत्याखाली निवांत पडू द्या. पण तोवर एवढं करा. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, मग ते यंत्र असो, जनावर असो की घरातलं माणूस, त्याला हात लावण्याआधी त्याला काय सोसतं ते कुणाला तरी विचारून घ्या. नत्थुजींची माया खोटी नव्हती हो. ती सोसता सोसताच मी दमलो.