सात वेढे

शनिवारी सकाळी माझ्या दिवाणखान्यात पोरं तलवारीने एकमेकांची तोंडं फाडतात आणि मी त्यांना बीअर पाजते. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चाललंय. विद्यापीठ वर टेकडीवर, खानावळ खाली नदीकाठी. वर शिकायचं, खाली येऊन कापून घ्यायचं. ज्याच्या गालावर वण नाही त्याला या गावात कोणी जावई करून घेत नाही, आणि कोर्टात वकील म्हणूनही कोणी विचारत नाही. वेडेपणा म्हणा हवं तर. मीही म्हणते, पण धंदा तो धंदा.

नियम शेंबडं पोरही सांगेल. डोळ्यांवर लोखंडी चष्मा, गळ्याला रेशमी पट्टीचे सात वेढे, बाकी तोंड उघडं. पाय मागे घ्यायचा नाही, मान वळवायची नाही, हूं की चूं करायचं नाही. डॉक्टर टाके घालतो तेव्हाही नाही. पाऊल मागे गेलं की विद्यार्थ्यांच्या मंडळाची टोपी गेली, आणि टोपी गेली की माणूस गेला. रस्त्यात त्याला कोणी ओळख देत नाही.

माझा एकुलता एक क्विरिन या फंदात पडला. खानावळवालीचा पोरगा आणि निळ्या टोपीच्या मंडळात! असं आधी कधी झालं नव्हतं. बाप असता तर त्याने दोन थोबाडीत देऊन घरी बसवला असता, पण बाप कधीच नदीत बुडाला, आणि माझं ऐकणार कोण? मंडळाचा म्होरक्या फॉन उल्मेनाऊ, सरदाराचा पोरगा, दोन्ही गाल नांगरल्यासारखे. तो म्हणाला, "आधी उभा राहून दाखव, मग टोपी." क्विरिन आरशासमोर गाल कुरवाळत बसायचा, तिथे काही उगवणार असल्यासारखा.

त्याच हिवाळ्यात त्या दोन येड्यांनी आपलं धूड माझ्या दाराशी आणून उतरवलं.

एक प्रोफेसर आमेलुंग, वाफेचा माणूस. स्वतःचा डावा हात स्वतःच्याच यंत्रात घालवला आणि त्या जागी पितळी हात बसवला. बीअरचा मग उचलला की हात शीळ घालायचा. दुसरा डॉक्टर त्सिर्बेल, भिंगांचा माणूस. याने तर धडधाकट डोळा काढून तिथे भिंग बसवलं, का तर म्हणे देवाने डोळा घाईत बनवलाय. दोघे वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका टेबलावर बसायचे, एका ताटातला मुळा खायचे आणि बोलायचं झालं की माझ्यामार्फत.

"मालकीणबाई, त्यांना सांगा, यंत्र जरा उजवीकडे घ्या."

"त्यांना सांगा, यंत्र आहे तिथेच राहील."

"मी काय तुमची डाक आहे का?" मी म्हणायचे. दोघेही हसायचे नाहीत.

यंत्राला मी लोखंड्या म्हणायचे. पुरुषभर उंच, पोटात भट्टी, धुराडं माझी चांगली काच फोडून बाहेर काढलेलं. हात आमेलुंगचा, त्या हातात तलवार. डोळा त्सिर्बेलचा. समोर जमिनीवर एक लोखंडी पाट. पाटावर वजन असेल तोवर हात चालणार. पाऊल मागे घेतलं, वजन उतरलं, की झडप पडून वाफ बंद.

"भीती पायात असते, मालकीणबाई," आमेलुंग म्हणाला. "कोणाचंही पाऊल मागे येतंच. कितव्या घावाला येतं, तेवढं मला मोजायचंय."

"त्यांना सांगा," त्सिर्बेल म्हणाला, "या पोरांचं नाही येणार. आणि माझा डोळाही चुकणार नाही. आधी कोण संपतं ते बघू."

उभा कोण राहणार, असं विचारल्यावर सरदारांची पोरं आपापले बूट बघायला लागली. उल्मेनाऊने बोट केलं क्विरिनकडे. "तुला टोपी हवी ना?"

माझ्या पोराचं तोंड असं उजळलं, की मला तिथेच त्याला बदडावंसं वाटलं.

त्या शनिवारी दिवाणखाना खचाखच भरला. वेढे मीच घातले, माझ्या हातांनी, घट्ट. क्विरिन पाटावर चढला, कोळसा धगधगला आणि लोखंड्याने हात उचलला. तलवार क्विरिनच्याही हातात होती, पण वाफेपुढे माणसाच्या मनगटाचा काय पाड? पहिला घाव गालावर. पोरांनी टेबलं बडवली. दुसरा गळ्याच्या पट्टीवर, तिसरा गालावर, त्याच जागी. मग पुन्हा पट्टीवर, पुन्हा त्याच जागी. माणूस मारतो तेव्हा घाव इकडे पडतो, तिकडे पडतो, माणूस दमतो, त्यालाही दया येते. हे धूड गिरणीसारखं चाललं होतं. गाल उघडला आणि आतले दात दिसायला लागले.

क्विरिनचे पाय खिळल्यासारखे. आमेलुंग यंत्रावरच्या घड्याळासारख्या तबकडीकडे बघत होता आणि पुटपुटत होता, "आता येईल. आता येईल." त्सिर्बेल टाळ्या वाजवत होता.

"बंद करा!" मी ओरडले.

"त्यांना सांगा, बंद केलं तर ते हरले," आमेलुंग म्हणाला.

"त्यांना सांगा, मी नाही, ते हरतील," त्सिर्बेल म्हणाला.

म्हणजे पाऊल मागे घ्यायला हे दोन म्हातारेही तयार नव्हते! मग मी कसली थांबते? सरळ गेले, क्विरिनचा कमरेचा पट्टा मागून धरला आणि पोत्यासारखा ओढून खाली पाडला. झडप पडली, वाफ फुसकन सुटली आणि लोखंड्याचा हात वरच्या वर थांबला.

मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि सगळा दिवाणखाना लागला खिदळायला. "आईने नेलं रे, आईने नेलं!" टेबलांवर बीअरचे मग आपटून आपटून त्याचं गाणं केलं त्यांनी.

उल्मेनाऊने हात वर करून त्यांना गप्प केलं. तो नेहमीच फार सभ्य असतो, मेला. "पाऊल त्याने स्वतः मागे घेतलेलं नाही. त्यामुळे तो भित्रा ठरत नाही. पण झुंजीला बाहेरचा हात लागला, म्हणून झुंज रद्द. पुढच्या शनिवारी पुन्हा."

"पुन्हा?" मी म्हणाले. "त्याच्या तोंडाकडे बघ एकदा!"

"म्हणूनच, मालकीणबाई. एवढं तोंड फाडून घेतलं आणि हिशेबात धरलं नाही, तर त्याचं किती वाईट होईल."

आणि जमिनीवर पडलेला माझा पोरगा फाटक्या गालातून म्हणाला, "पुन्हा. मी तयार आहे."

मंडळाच्या डॉक्टरने टाके घातले. वेढे मी सोडवले. सोडवताना हात थांबला. वरच्या वेढ्यावर एक चीर, खालच्यावर तिथेच, त्याच्या खालच्यावर तिथेच. सगळ्या एका रेषेत, सुईने ओवल्यासारख्या. सातव्या वेढ्याचे चार धागे तेवढे शाबूत होते. त्या चार धाग्यांखाली त्याची शीर उडत होती.

ती पट्टी घेऊन मी टेकडी चढले. त्सिर्बेलने भिंग लावून ती पाहिली आणि त्याला इतका आनंद झाला की त्याने माझा हात हातात घेतला. "एकाच रेषेत! बाई, केवढं सुंदर काम आहे हे!"

"आणखी थोडा वेळ चालला असता तर पोरगा मेला असता!"

"अगदी बरोबर," तो म्हणाला. "ती पट्टी मला देता का?"

तिथून उल्मेनाऊकडे. मी हात जोडले. हो, या सरदारड्यासमोर मी हात जोडले. म्हटलं, आठ वेढे घालू दे, दहा घालू दे, आत कातडं घालू दे.

"नियमात सात आहेत, मालकीणबाई. आठवा वेढा घातला की सगळ्यांना कळतं तो भितो. मग उभं राहायचंच कशाला?"

"जिवंत राहायला!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही घाणेरडं बोलले.

क्विरिनशी आठवडाभर भांडले. त्याला ब्रेमेनला माझ्या भावाकडे पाठवते म्हणाले, बुधवारी डाक नेणाऱ्या उडत्या फुग्यात जागाही धरली. फुगा चौकावर येऊन थांबला, शिडी खाली सोडली, घंटा वाजवली आणि निघून गेला. हा खिडकीत बसून राहिला. पट्टी दाखवली तर म्हणाला, "माहीत आहे मला. आतून जाणवत होतं."

"मग? मरायचंय का तुला?"

"नाही. पण मागे नाही यायचं."

"अरे मुडद्या, यात फरक काय?"

तेव्हा तो जे बोलला ते मी विसरले नाही. "आई, तू बीअर विकतेस याची मला कधी लाज वाटली नव्हती. ती शनिवारी वाटली."

त्याचा सोबती लुडोल्फ माझ्या माळ्यावर राहायचा. डोंगरातल्या एका गावच्या पाद्र्याचा पोरगा, गोरा, गुबगुबीत, जेवणावर भारी जीव. त्याला मी म्हटलं, तू तरी सांग रे याला. तो बोटं चाटत म्हणाला, "काकू, तुम्ही मध्ये पडला नसता तर एव्हाना सगळं झालं असतं." यालाही तेच वेड. कोणाकोणाच्या डोक्याला औषध लावायचं?

शनिवार उजाडला. खाली बाकं सरकवल्याचे आवाज येत होते. बर्लिनहून चष्मेवाले पाहुणे वाफेच्या ट्रामने आले होते. मी स्वयंपाकघरात क्विरिनपुढे सूप ठेवलं. टाक्यांमुळे एका बाजूनेच प्यायला येत होतं, हनुवटीवरून ओघळत होतं. मी ते पुसलं. त्याने पुसू दिलं. पाय समोरच्या बाकावर लांब सोडले होते, लहानपणी सोडायचा तसे.

मी पिपाची तोटी ठोकायचा लाकडी हातोडा घेतला आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर हाणला. एकदा हाणून मोडला नाही, म्हणून परत हाणला.

आठवडाभर फाटकं तोंड घेऊन जो हूं की चूं करत नव्हता, तो माझा पोरगा किंचाळला. सगळ्या घराने ऐकलं. मला काय वाटलं विचारता? तिथेच ओकले. आणि वाटलं, चला, आता हा उभा राहू शकत नाही. जो उभाच राहू शकत नाही, तो मागे कसा येणार? आता नियमानेही कोणी याला भित्रा म्हणू शकत नव्हतं.

माणसं धावत वर आली. उल्मेनाऊने गुडघा पाहिला, हातोडा पाहिला. "बाई, तुम्ही राक्षसीण आहात," तो म्हणाला. मी म्हटलं, "असेन. आता खाली जा आणि तू उभा राहा."

तो उभा राहिला नाही. पाहुणे ताटकळले होते, भट्टी पेटली होती, आणि लुडोल्फ म्हणाला, "क्विरिनच्या ऐवजी मी."

मी वर क्विरिनचं डोकं मांडीवर दाबून धरून बसले होते. तो रांगत जिन्याकडे जायला बघत होता. फळ्यांखालून ते धूड ऐकू येत होतं. घाव, वाफ, घाव, वाफ. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. पण घाव थांबेनात.

मागाहून कळलं, लुडोल्फ पुढे पडला होता. मागे नाही, पुढे, पाटावरच. गळ्याची शीर सुटली होती. अंगाचं सगळं वजन पाटावर, मग लोखंड्या कशाला थांबतोय? भरल्या दिवाणखान्यात कोणीही हात लावला नाही. हात लावला तर झुंज रद्द झाली असती, आणि मग सगळे हसले असते. ते दोघे म्हातारे आपापल्या खुर्चीत बसून एकमेकांकडे बघत होते. कोळसा संपेपर्यंत बाकी सगळे टोप्या काढून उभे होते.

नंतर दोघे वर माझ्या स्वयंपाकघरात आले आणि आमेलुंग म्हणाला, "त्यांना सांगा, पाऊल मागे आलं नाही, हे मी मान्य करतो."

मी सांगितलं नाही. उकळतं पाणी होतं हाताशी, ते दोघांच्या अंगावर फेकलं. पितळ आणि काच, त्यांना काय होतंय? रुमालाने पुसलं आणि पुढच्या खेपेला पाट कसा बदलायचा यावर वाद घालत निघून गेले. तेव्हापासून ते एकमेकांशी बोलतात.

लुडोल्फचं मला वाईट वाटतं. माझ्या हातचं खाल्लेलं पोर. पण खोटं कशाला बोलू? तिथे क्विरिन नव्हता, याचं त्याहून जास्त बरं वाटलं.

लुडोल्फची आई डोंगरातून आली. ठेंगणी बाई, गावातल्या कोणाकडून तरी उसना आणलेला काळा कोट. मंडळाने तिला चौकात खुर्ची दिली. तिच्या मांडीवर निळी टोपी ठेवली, प्रोफेसरांनी पितळी हाताने तिचा हात दाबला, उल्मेनाऊ तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. मग ती माझ्याकडे आली. क्विरिन नळाशी स्टुलावर बसून बीअर भरत होता, काठी बाजूला टेकवलेली. गाल वाकडा, पाय वाकडा, टोपी नाही. गावातली पोरं त्याला बघून 'आई, आई' अशी हाक मारायची, मुद्दाम बारीक आवाजात.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती माझं सांत्वन करत होती, देवाशपथ!

"बिचारा," ती म्हणाली. "माझा शेवटपर्यंत उभा राहिला हो."

क्विरिनने मान वर केली. "मलाही राहायचं होतं," तो तिला म्हणाला. "या बाईने राहू दिलं नाही." आणि माझ्या तोंडावर थुंकला.

फाटक्या ओठामुळे ती थुंकी नीट उडालीच नाही, त्याच्याच हनुवटीवर ओघळली. मी एप्रनच्या टोकाने पुसायला गेले. त्याने माझा हात झटकला, माझं मनगट सुजेल इतक्या जोरात. जिवंत पोराची चांगली ताकद होती त्या हातात. ती बाई माझ्या मनगटाकडे बघत राहिली आणि अचानक तिथेच, माझ्या ओल्या फरशीवर बसली. टोपी तोंडावर दाबून ती जे रडायला लागली, ते चौकातल्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं असणार. बाहेर मंडळाने गाणं सुरू केलं होतं. त्यांनी आवाज चढवला.