ट्रम्पेटपुरता मोकळा कागद

सासूबाई एखाद्या गोष्टीला "छान आहे" म्हणाल्या की समजावं, त्यांना ती दिसलेलीच नाही. दिसली असती तर खोड काढली असती. माझ्या लग्नातल्या कपड्यांपासून रोजच्या चहापर्यंत त्यांच्या तावडीतून काही सुटलेलं नाही. डोळे अधू झाल्यापासून मात्र घरात सगळंच छान व्हायला लागलं, आणि खरं सांगते, मला ते सोसेना.

त्यांच्या नजरेचा मधलाच भाग गेलाय. समोर पाहिलं की माणूस पुसला जातो. मान वळवून कडेने पाहिलं तर थोडाफार हाती लागतो. अशात सासऱ्यांच्या बँडपथकातला एक सोबती जुना फोटो घेऊन आला. सासरे ऐन तारुण्यात, ट्रम्पेट वाजवताना. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण हा फोटो सासूबाईंनी कधीच पाहिला नव्हता. खाली आमचं फोटो छापायचं दुकान आहे. मी तो मोठा छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावर बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "छान आहे."

मी फोटो परत खाली नेला.

मग एकदा टेबलाखाली पडलेला चमचा त्यांना माझ्याआधी दिसला. चकाकतं ते त्यांना दिसतं, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. दुकानात मेटॅलिक कागदाचं नमुन्याचं पाकीट तसंच पडून होतं. चंदेरी, पत्र्यासारखा चमकणारा कागद. ओलं बोट कोपऱ्याला लावून बघितलं, चिकटलं ती छापायची बाजू, आणि प्रिंटरला लावला.

पहिल्या प्रिंटमध्ये सासरे राखाडी निघाले. जन्मात कधी अंथरूण न धरलेला माणूस.

नवरा डोकावून म्हणाला, "बाबांना ॲडमिट कधी केलं होतं?"

"तू वर जा," मी म्हटलं.

लाल वाढवला, पिवळा वाढवला, शाई ओतत गेले. चेहऱ्यावर रया आली, पण कागदाची चमक पार गेली. तरी वर नेऊन दाखवला.

"छान आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "किती खपतेस."

असा राग आला मला. त्यांचा नव्हे, माझाच. खाली येऊन प्रिंट टेबलावर आपटला, तर त्याच्या कडेने काहीतरी लखकन चमकलं. न छापलेला समास.

आमच्या प्रिंटरात पांढरी शाई नसतेच. शाई पडत नाही तिथे कागद दिसतो, तेच पांढरं. येणाऱ्याजाणाऱ्याला मीच हे ऐकवते. पण साध्या कागदावर उजेडाच्या जागा रिकाम्या वाटतात, म्हणून तिथेही शाईचा हलका हात फिरवायची मला खोड. इथेही तेच करत बसले होते. चकाकणारा कागद घ्यायचा आणि त्याला पांघरूण घालायचं, काय म्हणावं या अकलेला.

मग ट्रम्पेटवरची शाई जवळजवळ सगळी काढली. कोटाच्या बटणांवरचीही. मागची भिंत काळीकुट्ट केली. चेहऱ्याला म्हटलं, तुम्ही राहा बाबा राखाडी. शाई वाळेपर्यंत हात न लावता बसणं माझ्या स्वभावाला जड, पण बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंट खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवून उभा केला आणि सासूबाईंना खुर्चीत बसवलं. त्यांनी मान एकीकडे वळवली. मग दुसरीकडे. मान हलली तशी ट्रम्पेटवरून उजेडाची रेघ सरकत गेली. त्या पुन्हा पुन्हा मान हलवत राहिल्या. मी मनात म्हणत होते, छान तेवढं म्हणू नका.

"खालीच धरलाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ट्रम्पेट. वर धरा, वर धरा म्हणून बँडमास्तर ओरडून दमले, पण हे ऐकतील तर शपथ. फोटोतसुद्धा खालीच." त्यांनी मान आणखी कलती केली. "आणि एक बटण उघडंच आहे. लोकांपुढे असे उभे राहिले होते?"

माझे डोळे भरून आले. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं आणि विचारलं, "आणखी काय चुकलंय, आई?"

"बस, सांगते," त्या म्हणाल्या.