वायव्येकडे बांधलेला कोंबडा

मित्रांनो, अनसिंगजवळ गुलाबरावांच्या मळ्यातल्या घरावर लोखंडी दांड्याच्या टोकाला एक जुना पत्र्याचा कोंबडा दिसतो, तो मी. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मलाच शंका आहे. तरी सांगून पाहतो.

शेलूबाजारच्या एका वेल्डरने मला तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापून काढले. वारा जिकडून येईल तिकडे चोच करायची, एवढेच माझे काम. सुरुवातीला येणारे-जाणारे कौतुकाने वर बघत. गुलाबराव तर रोज दात घासता घासता माझ्याकडे पाहून दिवसाची कामे ठरवत.

वर बसून हवेची थोडी ओळख झाली. हवा एखाद्या मुलखावर बरेच दिवस रेंगाळली, की त्या मुलखाचा स्वभाव घेते. अशा अफाट हवेला वायुराशी म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे उत्तरेची हवा येते ती कोरडी आणि गार, बंगालच्या उपसागराची येते ती उबदार आणि ओलसर. दोघी भेटल्या तरी लगेच मिसळत नाहीत. गार हवा जड, ती खालून घुसते. उबदार हवा वर ढकलली जाते, तिच्यातली वाफ निवते, ढग चढतात, कधी गाराही पडतात. त्या भेटीच्या सीमेला आघाडी म्हणतात. आपल्याकडे ती थंड देशांतल्याइतकी ठळक नसावी. तिचा मार मात्र ठळक असतो.

पुढे गुलाबरावांच्या लेकीचे, तनुजाचे लग्न निघाले. पाहुणे गच्चीवर झोपणार होते. फिरताना होणारी माझी कुरकुर नको, म्हणून गुलाबरावांनी मला तारेने आवळले. चोच वायव्येकडे होती, तशीच राहिली. तनुजा सासरी गेली, पाहुणे गेले, तार राहिली.

वारा पाठीवर थापा मारी, शेपटीचा पत्रा थरथरे, पण मान वळत नसे. याहून वाईट म्हणजे, गुलाबराव तार विसरले आणि मला पाहायचे मात्र विसरले नाहीत.

यंदा मार्चमध्ये शिजवलेली हळद अंगणात वाळत होती. सगळ्या वर्षाचे पीक. भिजली की तिचा रंग जातो आणि बाजारात कुणी तिला हात लावत नाही. त्या सकाळी माझ्या शेपटीला आग्नेयेकडचा दमट झोत लागला. समोर वायव्येला आभाळाची कड काळी होत होती. दोघी हवा एकमेकींच्या भेटीला निघाल्या होत्या, आणि हे सांगायची ज्याची नेमणूक, तो जखडलेला.

गुलाबरावांच्या बायको आवडाबाई पापड वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, हळद झाका. पापड मऊ पडून राह्यले, मीठ पाझरून राह्यलं."

"मिठाले काय समजते?" गुलाबराव तांब्या भरता भरता म्हणाले. "कोंबडा पाह्य ना. वायव्येचा वारा हाय, कोरडा. मोबाइल तं म्हणते, कुठी कुठी पाऊस. ते कुठी म्हंजे आपल्याच अंगणात काय?"

"तुमी माह्यापरीस त्या कोंबड्याचंच जास्त आयकता."

"तो उलटून बोलत नाही."

आवडाबाईंचा पदर फडफडला. त्यांनी दोरीवरच्या धोतराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"धोतर त्याच्या चोचीच्या दिशेनं उडून राह्यलं. वारा तं त्याच्या शेपटीकून येते. मंग हा फिरून काहून नाही राह्यला?"

गुलाबराव वर पाहत राहिले. हातातला तांब्या तिथेच ठेवून ते म्हणाले, "तार. मीच बांधली होती. पोत्यं आण, ताडपत्री आण."

दोघे धावले. ढीग करून झाकता झाकता गारा आल्या. कडेची हळद भिजली, काळवंडली. बाकीची वाचली.

पाऊस गेल्यावर गुलाबराव पक्कड घेऊन वर आले आणि तार तोडली. मी हललो नाही.

"गंजला वाटते," ते पुटपुटले. त्यांनी बोटाने मला गर्रकन फिरवले. मी कुरकुरत फिरलो आणि पुन्हा वायव्येलाच थांबलो. ढगांमागून आलेला गार, कोरडा वारा आता खरोखर तिकडूनच येत होता.

मित्रांनो, ज्याच्याकडे पाहून तुम्ही दिवस ठरवता, त्याची मान मोकळी आहे ना, एवढे अधूनमधून पाहत जा. आणि त्याची कुरकुर जरा सोसा. तेलाचा एक थेंब दिलात, तर तीही राहणार नाही.