जगाचा चेंडू

वडूजजवळच्या वस्तीशाळेत नौशीनबाईंनी तो चेंडू कपाटात कुलूप लावून ठेवला होता. साधा रबरी चेंडू, वर जगाचा नकाशा छापलेला. मागच्या वर्षी शिक्षकांच्या 'जागतिक नागरिकत्व' प्रशिक्षणात मिळालेला. खेळ सोपा होता. चेंडू झेलायचा आणि म्हणायचं, "हे सगळं जग माझं." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण प्रशिक्षण एसी हॉलमध्ये होतं, आणि तिथं असली वाक्यं लगेच पटतात.

धनगरवाड्यावरच्या मायाला पटायला वेळ लागला. दिवाळीनंतर तिच्या घरची माणसं घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं घाट उतरायची. वर्गात खेळताना चेंडू पोटाशी धरून तिनं विचारलं, "बाई, मग आमास्नी कुणी हाकलायचं न्हाई? खरं हाय का ह्ये?"

"अगदी खरं," बाई म्हणाल्या.

पावसाच्या तोंडावर बिऱ्हाड परतलं, पण माया परतली नाही. तिची आजी धोंडुबाई शाळेच्या पायरीवर येऊन बसली.

"मेंढरं कुनाच्या तरी रानात शिरली. मालकानं गोफण उचलली. आमी समदी पळालो, बाई. पळायचं आमास्नी शिकवावं लागत न्हाई. ही खुळी हुबीच ऱ्हायली. म्हनली, जग माजं बी हाय." म्हातारीनं कपाळावर बोट टेकवलं. "दगूड हितं बसला."

तिनं शिव्याशाप दिले नाहीत. दिले असते तर बाईंना झोप तरी लागली असती.

तेव्हापासून खिडकीजवळच्या मायाच्या जागेवर कुणी बसत नाही. बाईंनी कारण विचारलं नाही. वर्ग कितीही झाडला तरी तिथं मेंढरांचा ओला वास येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

दिवाळी तोंडावर आली आणि प्रशिक्षणाचे दिग्विजय सर सांगलीहून आदर्श पाठ बघायला आले. कुलूप उघडावंच लागलं. बाईंनी चेंडू टाकला. तो एका पोराच्या हातून निसटला, घरंगळत खिडकीपाशी गेला आणि थांबला. उचलायला उठली ती प्रांजल, मायाची धाकटी बहीण. तिनंही तो पोटाशी धरला.

"बाई, खरं हाय का ह्ये?"

सर कौतुकानं मान डोलवत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "अजून नाही. कुणी गोफण उचलली की पळायचं. मागं वळून न बघता पळायचं."

सरांची मान थांबली. प्रांजल "व्हय" म्हणाली आणि शहाण्यासारखी आपल्या जागेवर जाऊन बसली.

तेव्हा खिडकीजवळून बारीक आवाज आला, "मग बाई, मला का न्हाई सांगितलंसा?"