काजाच्या मशीनचा ठराव

गणसंख्या भरली नाही म्हणून मी सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासाने त्याच खोलीत, त्याच बायकांसमोर पुन्हा सुरू केली. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. कायद्याला नुसतं बसून राहिलेलंही चालतं.

विषय एकच. माझ्या नणंदेला काज करायचं मशीन परत हवं होतं. आमची शिवणकाम संस्था निघाली तेव्हा नवऱ्यामागे उरलेलं ते मशीन तिने हौसेने संस्थेच्या नावावर करून दिलं होतं. आता ती लेकीच्या गावी चालली होती. टेम्पो दारात उभा होता.

"माझंच मशीन मला द्यायला सभा कशाला गं?"

"वन्सं, ते आता संस्थेचं आहे. कायद्याने संस्था म्हणजे वेगळी व्यक्तीच."

"मग बोलव तिला. बघू तरी, कुठे तोंड लपवून बसलीय."

बायका हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. "जावयाच्या घरी हातावर हात ठेवून बसायचं नाही मला. एवढंच."

आमची इस्त्रीवाली मान खाली घालून वन्संना म्हणाली, "आक्का, शाळेच्या गणवेशांचं काम हातात आहे. काजं कशावर करायची? दातांनी?"

हात वर झाले. तीन द्यावं म्हणणारे, तीन नको म्हणणारे. वन्संचं मत असतं तर प्रश्न मिटला असता. पण त्यांनी सकाळीच तावातावाने राजीनामा दिला होता आणि समितीने तो लगेच मंजूरही केला होता. एरवी आमची समिती चहाचा कपसुद्धा वेळेवर विसळत नाही.

समसमान मतं पडली की अध्यक्षाचं मत निर्णायक. अध्यक्ष मी. खुर्चीला हात असते तर ते धरून बसले असते.

"नको," मी म्हटलं.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. वन्सं उठल्या, मशीनवरचं फडकं काढलं आणि मला खुणेने बोलावलं.

"ये, बस. दोरा ओवून दाखव."

"वन्सं, मला..."

"बस म्हणते ना."

मी बसले. सुईचं भोक दिसेना. दोनदा दोरा चाटला, तिसऱ्यांदा तो वाकडाच झाला. त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि न बघता ओवला.

"उद्यापासून कोण ओवणार?"

त्या पिशवी उचलून टेम्पोत जाऊन बसल्या.