जिना खोडणारा खोडरबर

मी एक जुना खोडरबर आहे. शेवटी सलोनीने कोरा कागद दिला.

हे दुसरं वाक्य मी खोडलंय, मित्रांनो. तुम्ही ते वाचलं नाही आणि तसं काही घडलंही नाही. पुढे चला.

केबिन रोडवरच्या एका दुकानात मी बरणीत राहत होतो. अंगाला स्ट्रॉबेरीचा वास होता. तिसरीतल्या सलोनीने मला घेतल्या घेतल्या चावून पाहिलं आणि थुंकून टाकलं. आमच्यात याला गृहप्रवेश म्हणतात.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. तिची बेरीज चुकायची, मी पुसायचो, ती पुन्हा करायची. थोडी ती, थोडा मी, असा आमचा संसार चालला होता.

मग गृहपाठ आला: 'माझी आवडती जागा'. सलोनीने जीभ बाहेर काढून लिहिलं, 'माझी आवडती जागा आमच्या बिल्डिंगचा जिना आहे. तिथे मी मांजरीला पाढे शिकवते. मांजर चुकली तरी मी ओरडत नाही.'

तिची आई मानसी कुकर लावून आली. "जिना? लोकांना वाटेल मुलीला घरात जागाच नाही."

"महाबळेश्वर लिही," बाबा, म्हणजे जीवन, मोजे काढत म्हणाले.

"पण आपण कुठे गेलोय?"

"मग काश्मीर लिही. जेवढं उंच, तेवढे मार्क."

"सरक, मी लिहिते," आई म्हणाली. "तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

तिने मला उचललं. जिना गेला, मांजर गेली. आईच्या मोत्यासारख्या अक्षरात वहीवर बर्फ पडला.

टीचरने 'उत्तम' शेरा दिला. आईने तो स्टेटसला ठेवला. शेजारच्या हंसाबेननी अंगठा पाठवला. त्यानंतर सलोनी लिहायची ते फक्त मला पुसायला काहीतरी हवं म्हणून. घराचं कौतुक वाढत गेलं, मी झिजत गेलो.

मग पालकसभा आली. टीचरने पालकांसमोरच मुलांना कागद वाटले. विषय तोच. आईबाबा मागच्या छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. सलोनीने लिहिलं, 'जिना'. मागे वळून आईकडे पाहिलं. मग कोणी न सांगता मला उचललं, ते पुसलं आणि जरा सरकून बसली. आईला जागा हवी ना.

आई आली नाही. कागद गोळा झाले.

"घरी काश्मीर आणि इथे काहीच नाही?" टीचर म्हणाल्या.

"घरी सगळं करते हो ती," आई म्हणाली.

"म्हणजे आम्ही करतो," बाबा अभिमानाने म्हणाले. "अजून काय करायचं?"

"पण माझी एकपण चूक नाहीये," सलोनी म्हणाली.

टीचरने कागद उलटसुलट करून पाहिला. खरंच एकही नव्हती.

आता सलोनी मांजरीलाही शिकवत नाही. मांजर तोंड उघडते, त्याआधीच ती म्हणते, "चूक."

सबब, संबंधितांस नम्र विनंती की, अर्जदाराने कामावर असताना पुसलेला एक जिना, मांजरीसह, मूळ कोंबडीच्या पायांत पूर्ववत करून मिळावा. तसेच गृहपाठाच्या वेळी पालकांनी मुलाशेजारी बसावे, विचारलेले सांगावे, मात्र हाताची घडी सोडू नये, असा आदेश घरोघरी काढावा. अर्जदार सध्या शेंगदाण्याएवढा उरला असल्याने निर्णय लवकर व्हावा.