अर्धेलीची मेंढी

शेवट आधीच सांगतो: मेंढी राजेश्वरीच्या गोठ्यात राहिली. कशी, तेवढं उरलं.

*उडीद*

पोंगल होऊन पंधरवडा झाला होता. तमिळ मुलखातल्या मरुदानल्लूरच्या शिवारात भात कापून झालं होतं. तिकडे उडीद नंतर पेरत नाहीत. भात उभं असतानाच, कापणीच्या आठवडाभर आधी, ओल्या चिखलात फेकतात. कापणी झाली की धसकटांत बोटभर कोंब दिसतात. वाकून पाहणाऱ्याला.

करुप्पय्या वाकला नाही. रामनाथपूरहून दोनशे मेंढ्या हाकत आलेला तो मेंढपाळ; त्याला रान मोकळं दिसलं.

राजेश्वरी पोचेपर्यंत पूर्वेचं वावर साफ. नवऱ्यामागे शेती तीच बघायची. हाताला लागली ती मेंढी तिनं फरफटत घरी आणली.

*दारात*

"अम्मा, मेंढी द्या."

"उडीद दे."

"पोटात गेलेला कुठून आणू?"

"मग हिच्या पोटातून काढते."

"हिच्या पोटात कोकरू आहे. आज व्यायेल."

राजेश्वरीनं वळून पाहिलं. मेंढी खुरानं माती उकरत होती, बसत होती, उठत होती. हिला आपण फरफटत आणलं. राजेश्वरी कडी काढून बाजूला झाली.

*गोठ्यात*

कोकराचा एक पाय मागे अडकला होता. करुप्पय्यानं हात घातला. राजेश्वरीनं मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मराठीत पुटपुटली, "उगी गे, उगी."

"तिला तमिळच कळतं, अम्मा."

"राहील तर शिकेल."

कोकरू आलं. ओलं, जिवंत. दोघंही भिंतीला टेकली.

"आता दहा दिवस ही चालणार नाही," तो म्हणाला. "आणि कळप थांबवता येत नाही."

"वावरात अजून चार दिवसांची ओल आहे," ती म्हणाली, जणू स्वतःशीच. "बी आहे घरात."

"मग दोन रात्री कळप तिथं बसवतो. लेंड्या पडू देत, मग पेरा. मेंढी ठेवा अर्धेलीनं. पुढची कोकरं निम्मी तुमची."

"आणि हे?"

"हे उडदाचं."

ती हसली नाही, पण कोकराला पदरानं पुसू लागली.

"पुढल्या वर्षी पश्चिमेच्या वावरात मी उडीद टाकणार नाही. तिथं मेंढ्या चारा. पण कोनार," तिकडे मेंढपाळाला मानानं म्हणतात तसं ती म्हणाली, "आधी वाकून बघा."

करुप्पय्या वाकला, आणि त्यानं कोकराचं तोंड आचळाला लावलं.